विनू, तुझा आवाज मी पडद्यावर पाहिला

कोरगाव, पेडणे
९ ऑगस्ट २०२४

विनू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता पूनमकडून लिहून घेतला. ही लबाडी आधीच कबूल करतो. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच. आणि मराठीत लिहिलंय म्हणून तोंड वाकडं करू नकोस. म्हापशाला शिकत होतास तेव्हा आईला तूही मराठीतच पत्रं लिहायचास, आणि 'साष्टांग दंडवत' इतकं चुकवायचास की मी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून मगच तिला वाचून दाखवायचो.

अकरा वर्षं झाली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझ्या पुतणीच्या, पूनमच्या डोक्याचं ऑपरेशन करायचं घाटतंय.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि फीट महिन्यातून एखादी यायची. आता आठवड्याला दोन येतात. पोटातून काहीतरी वर चढतंय असं म्हणते, मग नजर थिजते, ओठ काही चघळत असल्यासारखे हलतात, बोटं ओढणी चिवडत राहतात. दीड मिनिट. नंतर अर्धा तास तिला शब्द सापडत नाहीत, नुसती आपल्याकडे बघत राहते. ते बघणं मला सोसत नाही. एरवी ती किती बोलकी आहे ते तुला सांगायला नको. अंगणवाडीत तीच मुलांना गोष्टी सांगते, आणि मुलं सुट्टीच्या दिवशीही दारात येऊन बसतात. बसायची, असं म्हणायला हवं. जूनमध्ये हातात खिचडीचं पातेलं असताना फीट आली. मुलं वाचली, हिचा हात कोपरापर्यंत भाजला. दुसऱ्या दिवसापासून सात मुलं यायची बंद झाली. कोणी काही बोललं नाही, नुसती पाठवली नाहीत.

औषधं तीन प्रकारची चालू आहेत, उपयोग शून्य. बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या कानाच्या वर, आत, लहानपणच्या तापाचा एक व्रण आहे आणि सगळा उपद्रव तिथून उठतो. तो काढता येईल. मालतीने देवाला कौल लावला तर उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. मी म्हटलं, देवाला सांग, डॉक्टर डाव्या बाजूचं म्हणताहेत. त्यावर तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण खरी भीती वेगळी आहे. माणसाची भाषा बहुधा डाव्याच बाजूला असते म्हणे. व्रण काढताना तिचं बोलणं गेलं तर? म्हणून आधी पुण्याला न्यायचं. तिथे एका मोठ्या यंत्रात निजवून डोक्यात भाषा नेमकी कुठे आहे त्याचा नकाशा काढतात आणि मगच कुठे कापायचं ते ठरवतात. त्यांचा आठ पानांचा फॉर्म आला. मी स्वतः बसून पुरा केला, सुवाच्य अक्षरात. मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं.

आज नागपंचमी. पातोळ्या झाल्या. पूनमने तुझ्या नावाची एक बाजूला काढली आणि मग स्वतःच खाल्ली.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या मराठीच्या सभेबद्दल एवढंच सांगतो. पेडण्याच्या देवळाच्या मांडवात तू मुलांच्या पुस्तकासाठी कोकणीत लिहिलेला धडा मी वाचून दाखवला आणि लोक हसले, तेव्हा तू मागच्या रांगेत बसला आहेस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर वाचला नसता.

यशवंत


पुणे
२ सप्टेंबर २०२४

विनू,

तुझं उत्तर आलं नाही. ठीक. पण हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतोय कारण आता तुझ्याकडे काम आहे. आधी काय काय झालं ते सांगतो.

पहिले पाच दिवस पूनमच्या डोक्याला बारीक तारा चिकटवून, समोर कॅमेरा ठेवून फीटची वाट पाहिली. आयुष्यभर जी येऊ नये म्हणून नवस केले तिची वाट बघत बसलो. आली. व्रण आणि फीट एकाच जागचे, हे नक्की झालं. मग ते यंत्र.

तू सायन्सचा, तुला हे माहीत असेल, पण मला राहवत नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे रक्त जास्त धावतं. चुंबकाच्या जोरावर ते यंत्र ते रक्त हेरतं. ना सुई, ना कापाकापी. पूनम आत निजलेली, कानांवर मोठे कर्णे, आणि यंत्राचा ठणठणाट असा की बाहेर भिंत हादरत होती. तिला सांगितलेलं, भाज्यांची नावं मनातल्या मनात म्हण. ओठ हलवायचे नाहीत. ती गप्प पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर तिचा मेंदू दाखवला, राखाडी, आणि त्यात केशरी ठिपके. तिने मनात 'भोपळा' म्हटलं ते तिथे. विनू, मी छत्तीस वर्षं शिकवलं. पोरं मान हलवायची आणि त्यांच्या डोक्यात काही शिरलं की नाही हे मला एकदाही कळलं नाही. इथे एक न उच्चारलेला शब्द मी डोळ्यांनी पाहिला. माझे हात आपोआप जोडले गेले. डॉक्टर हसले, म्हणाले, काका, रंग संगणकाने भरलेत. भरू देत. गणपतीची मूर्तीही माणूसच रंगवतो.

नकाशा बरा आला होता. ठिपके बहुतेक पुढे, कपाळाच्या बाजूला. व्रणाजवळ काही नाही. सर्जननी पडद्यावर रेघ ओढून दाखवली, इथपर्यंत कापलं तरी चालेल, फीट जायची शक्यता दहात आठ. मालतीने तिथेच डोळे पुसले.

एकच गोष्ट जुळत नव्हती. इथे रेश्मा नावाची मानसतज्ज्ञ आहे. भाषेच्या चाचण्या ती घेते. तिने चित्रं दाखवून नावं विचारली तेव्हा पूनम प्रत्येक चित्रापाशी अडखळली. चमचा, खिडकी, खुर्ची, सगळीकडे उशीर. म्हणजे शब्द आठवण्याचा दोष आहे असं कागदावर लिहिलं गेलं. आणि काल बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो असताना पूनम आईला म्हणाली, "आई, माका तान लागल्या. बाटली खंय दवरली गो?" रेश्मा शेजारून जात होती, ती जागच्या जागी थांबली. पोर आपल्या सीमेपलीकडची निघाली, बांद्याची.

"अगो, घरात तुमी असां बोलतास? मगे फॉर्मार मराठी कित्या लिवलां?"

तिने तिथेच बाकावर बसून पुन्हा चित्रं दाखवली. या खेपेला पूनमने एकही क्षण घेतला नाही. कुलेर, जनेल, कदेल. पोर पहिल्या दिवशी विसरत नव्हती, विनू. तिच्या तोंडाशी 'जनेल' येत होतं, ते गिळून ती शाळेतली 'खिडकी' शोधत होती.

फॉर्मवर मराठी पडलं होतं हे खरं. पण त्यात चूक काय ते मला अजून समजत नाही. आपल्या बाबांनी प्रत्येक शिरगणतीत तेच लिहिलं. घरची बोली ती बोली आणि भाषा ती भाषा, हे मी तुझ्याशी पुन्हा वाद घालायला लिहीत नाही. डॉक्टरांना मात्र त्या वादाशी कर्तव्य नाही. ते म्हणाले, यंत्र बरोबर होतं, आपण प्रश्न चुकीच्या भाषेत विचारला. सगळं पुन्हा करायचं.

आता तुझं काम. यंत्रात तिला गोष्ट ऐकवायची आहे, घरच्या बोलीत, ओळखीच्या आवाजात. मी दोन मिनिटं बोलून दिली. रेश्माने ऐकली आणि म्हणाली, काका, हा पाठ झाला. पूनम म्हणाली, विनूकाकाची गोष्ट पाहिजे. मग त्याला फोन कर, म्हटलं, तुझा उचलेल. तर कार्टी मला म्हणते, "तुवें मोडलां, तूंच सांद."

म्हणून सांधतोय. दहा मिनिटं फोनवर बोलून पूनमच्या नंबरावर पाठव. कसलीही गोष्ट. ते लोक ती सुलटी ऐकवतात आणि मधे मधे उलटी फिरवून ऐकवतात. उलट्यात नुसता आवाज असतो, अर्थ नसतो. दोन्हींची वजाबाकी केली की अर्थ कुठे उमटतो तेवढं उरतं. उलटं बोलायची तुला लहानपणापासून हौस, ती एकदाची कामाला येईल.

यंदा चवथीला आम्ही घरी नाही. गणपती आणून पुजायला शेजारच्या रघुनाथला किल्ली दिली आहे.

यशवंत


पुणे
१३ सप्टेंबर २०२४

विनू,

रघुनाथचा फोन आला. तू चवथीला आलास, गणपतीवर रानफळांची माटोळी बांधलीस, दीड दिवस राहिलास आणि किल्ली त्याच्याकडे देऊन डिचोलीला परत गेलास. माझ्यासाठी निरोप काही नव्हता हेही त्याने सांगितलं, तो काही गाळत नाही. माटोळीला कातरे होते, नागकुड्या होत्या, असं म्हणाला. रानात जाऊन तू स्वतः आणलेस म्हणे.

तुझी गोष्ट पोचली. पूनमने ती मला ऐकू दिली नाही. पण यंत्राबाहेर काचेमागे मी उभा होतो आणि आत तिचे पाय हलत होते. हलायचं नाही असं दहादा सांगूनही ती हसत होती. दोनदा थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली, तेरेखोलच्या फेरीबोटीत दादा, म्हणजे मी, शाळेच्या तपासनीसाच्या मांडीवर कसा पडला, ती. ही गोष्ट कोणाला सांगणार नाहीस अशी तू शपथ घेतली होतीस.

काल नकाशा दाखवला. मी खुर्चीत बसलो होतो ते उठून पडद्यापाशी गेलो.

पुढचे ठिपके होतेच, जुने. पण कानाच्या मागे, खाली, जिथे पहिल्या वेळी जवळपास अंधार होता, तिथे चिंचोक्याएवढा डाग पेटलेला. केशरी आणि मध्ये पिवळा. तुझा आवाज तिच्या कानात गेला आणि जिथे तिला तो समजला, ती जागा. भाऊ म्हणून मी तुला खांद्यावर घेतलंय, मारलंय, पाण्यात ढकललंय, पण तू कोणाच्या तरी आत कुठे राहतोस ते असं बोट ठेवून दाखवता येईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग त्यांनी आतले तंतू दाखवले. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते मोजून हे तंतू काढतात, हिरवे, निळे, तांबडे. त्या डागातून एक निळा जुडगा निघून वळसा घेत पुढे कपाळाकडे जातो. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं इथून जाऊन तिथे बोलणं होतं. सव्वीस वर्षं ती माझ्या घरात बडबडते आहे आणि तिच्या बडबडीची वाट मी आत्ता पाहिली. मालती तर हळूच विचारत होती, ह्यातली देवाने केलेली कुठली आणि तुम्ही काढलेली कुठली?

मग सर्जननी पहिली रेघ पुन्हा पडद्यावर आणली. ती त्या डागाच्या मधोमध गेली.

सर्जनच म्हणाले, बरं झालं पुन्हा केलं ते.

आता खोटं चालायचं नाही, विनू. ९ ऑगस्टच्या पत्रात मी लिहिलं की फॉर्म मी स्वतः पुरा केला. तो आधी पूनमने भरला होता. मातृभाषेच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'कोकणी, आमची पेडण्याची.' मी तिच्यादेखत त्यावर काट मारली आणि वर माझ्या वळणदार अक्षरात मराठी लिहिलं. ती म्हणाली, बाबा, हें डॉक्टराक जाय, सरकाराक न्हय. मी म्हटलं, कागद तो कागद. त्या एका काटेने तिची जीभ कापली गेली असती. बांद्याची ती पोर त्याच वेळी बाकाशेजारून जात नसती तर जीभ गेलीच असती.

आणि सभेत तू मागच्या रांगेत होतास ते मला ठाऊक होतं. मी तुला येताना पाहिलं होतं. चष्मा काढून पुसत होतास. तुला पाहूनच मी तो धडा काढला, कारण लोक हसणार हे मला माहीत होतं आणि तू ते ऐकावंस असं मला वाटत होतं. धडा वाईट नव्हता. मुलांना कळेल असा होता. माझ्या बऱ्याच धड्यांपेक्षा बरा होता.

सर्जननी रेघ दीड सेंटिमीटर पुढे घेतली आहे. म्हणजे व्रणाचं शेपूट आत राहणार, आणि फीट जायची शक्यता दहात आठची दहात सहा झाली. शिवाय ऑपरेशनच्या मधे तिला जागी करून बोलतं ठेवणार, म्हणजे रेघेच्या जवळ जाताना जीभ अडखळली तर तिथेच थांबता येईल. त्यांनी पूनमलाच विचारलं, जुनी रेघ की नवी? मी मनात गणित मांडतोय तोवर ती बोलून मोकळी झाली.

"फीट येता जाल्यार येंवदी, बाबा. उतरां गेल्यार हांव भुरग्यांक काणी कशी सांगतलें?"

शब्द राखायचे, म्हणजे नवी रेघ. २४ तारीख ठरली आहे.

तुझा दादा


पुणे
२९ सप्टेंबर २०२४

विनू,

ऑपरेशन सात तास चाललं. ती जिवंत आहे, हातपाय हलतात, ओळखते. हे पहिलं.

मधले दोन तास ती जागी होती. कवटी उघडी आणि पोर जागी, आणि रेश्मा तिच्या तोंडासमोर चित्रं धरून घरच्या बोलीत विचारतेय. सर्जन मेंदूवर बारीक विजेचा स्पर्श करायचे आणि पूनम तेवढ्यापुरती गप्प व्हायची. जिथे गप्प झाली तिथे त्यांनी कागदाचा इवलासा आकडा ठेवला. असे पाच आकडे पडले आणि पाचही, रेश्मा म्हणाली, नकाशावरच्या डागाच्या आतच. यंत्राने बाहेरून सांगितलं होतं ते आत शिरल्यावर जसंच्या तसं सापडलं. हे ऐकून मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्या आईवडलांना माझा नमस्कार सांगावा असं वाटलं, पण ते कुठे राहतात कोण जाणे.

आता दुसरं. दोन दिवस ती काही बोलली नाही. सूज असते, बोलेल, असं डॉक्टर म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिच्यापाशी होतो. तिने डोळे उघडले आणि स्पष्ट शब्दांत म्हणाली,

"मला पाणी हवे आहे."

मला आधी आनंदच झाला. पाणी दिलं. ती प्यायली, तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आपण केव्हा आलात? आपण बसा."

आपण! मला! विनू, आपल्या घरात अशी मराठी कोणीच बोलत नाही. मीसुद्धा नाही. वर्गात बोललो, सभेत बोललो, तुला पत्रातून लिहितोय, पण घरात शिरताना वहाणा काढाव्यात तशी ती दारात काढून ठेवतो. पूनमला घरची बोली समजते. आई बोलली की मान हलवते. पण तोंडातून येते ती पुस्तकातली. 'खूप वेदना होत आहेत.' 'कृपया दिवा बंद करा.' मालती काल बाहेर जाऊन रडली, म्हणाली, माझी पोर पाहुणी जाल्या.

डॉक्टर म्हणतात, हे घडतं. लहानपणी शिकलेली भाषा आणि शाळेत शिकलेली, दोघींचं बरंचसं घर एक असतं, पण काही खोल्या वेगळ्या. कापलेल्या जागेच्या कडेला सूज आहे, ती नेमकी त्या डागाला टेकली आहे. डाग शाबूत आहे, त्याला धक्का लावलेला नाही. सहा ते आठ आठवड्यांत परत यावी. 'यावी' म्हणाले. 'येईल' नाही म्हणाले. भाषेच्या मास्तराला यातला फरक कोणी समजावून सांगायला नको.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की आपल्या पोरांच्या तोंडी शुद्ध मराठी यावी. माझ्या पोरीच्या तोंडी आली. एकही चूक नाही, लाल पेन्सिल लावायला जागा नाही. आणि मी तिच्या उशाशी बसून देवाला म्हणतोय की एकदा तरी ती मला 'गप रव' म्हणू दे.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिला फोन कर. रोज कर. घरची बोली ऐकायला मिळाली तर लवकर परत येते असं रेश्मा सांगते. माझं ऐकून ती मला आणखीच अहो-जाहो करते.

तुझा दादा


कोरगाव, पेडणे
१७ नोव्हेंबर २०२४

विनू,

हे पत्र मी उभ्या उभ्या पडवीत लिहितोय, अक्षराकडे पाहू नकोस.

रोज संध्याकाळी सात वाजता तुझा फोन येतो, तो ती कानाला लावून अंगणात फेऱ्या मारते, आणि तिचं 'हो काका, मला समजले' मला आत ऐकू येतं, हे तुला माहीतच आहे. आठ आठवडे परवा भरतील. ऑपरेशननंतर फीट एकदाच आली, तीही अर्धवट. डॉक्टर खूश. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, मास्तर, पोर किती छान बोलते, टीव्हीवरच्यासारखी. मी हो हो म्हणतो. मालती कोणालाच काही म्हणत नाही. परवा ती मला म्हणाली, बरी जाली ना, फीट गेली ना, मग पुरे. तिने मन घट्ट केलं होतं. खरं सांगायचं तर मीही करायला घेतलं होतं. शाळेतली मराठी तर मराठी, पोर आपली आहे, असं स्वतःला बजावत होतो. गेल्या आठवड्यात पूनमने अंगणवाडीत जाऊन पाहिलं. मुलांना गोष्ट सांगायला बसली. मुलं गप्प ऐकत राहिली आणि मग त्यातली एक विचारती झाली, बाई, तूं आमच्यावांगडा अशी कित्याक उलयता? पूनम घरी आली आणि जेवली नाही. तू त्या दिवशी फोनवर विचारलंस तर म्हणाली, 'मी थकले आहे.' थकली नव्हती.

आज रविवार. चंद्रावती मासळीची पाटी घेऊन दारात आली. मालती देवघरात, मी पडवीत पेपर वाचतोय, पूनम पुढे झाली. हल्ली ती मासळीवालीशीही 'हे कितीला दिले?' असंच बोलायची आणि चंद्रावती बिचारी घाबरून दोन बांगडे जास्त टाकायची. मी पेपरातून मान वर केली नाही. आणि एकदम ऐकू आलं,

"चंद्रावतीबाय, हे बांगडे कालचे मगो! दोळे पळय तांचे, तांबडे जाल्यात!"

मला वाटलं शेजारची कोणी आली.

"सकाळीं केरयेसावन हाडल्यात गो!" चंद्रावती कडाडली. तिच्या मालाला कोणी नाव ठेवलं की ती देवालाही सोडत नाही. "मात्याचें ऑपरेशन केलें, दोळ्यांचें कित्याक ना केलें?"

"मातें बरें जालां म्हणून तर तुजी फट कळली! खंयच्या बर्फातले हाडलेय? आमी पिशीं काय?"

आणि मग दोघी सुरूच झाल्या. पाटीवर हात आपटणं, बांगड्याच्या कल्ल्यात बोट घालून दाखवणं, चंद्रावतीच्या सासूपर्यंत जाऊन परत येणं. शब्द शोधायला ती कुठेही थांबली नाही. मालती हातात फुलं घेऊन तशीच धावत आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. चंद्रावतीला भांडता भांडता मधेच उमगलं की समोरची काय बोलतेय. तिने पाटी खाली ठेवली, तोंडाला पदर लावला आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा ओरडली, कारण पूनमने तेवढ्यात तीन बांगडे परत पाटीत टाकले होते.

मला तो पडदा आठवत होता, विनू. कानामागचा तो केशरी डाग. आत्ता या क्षणी तो पेटलेला असणार, निळ्या जुडग्यातून भराभर शिव्या पुढे जात असणार, आणि ते सगळं त्या एवढ्याशा डोक्यात, टाक्यांच्या जागी नुकते केस उगवताहेत त्याच्या आत, आवाज न करता चाललेलं. यंत्र नव्हतं, मला काही दिसत नव्हतं. पेपर हातातून कधी खाली पडला ते कळलं नाही.

बांगडे शेवटी घेतले नाहीत. चंद्रावती फणफणत गेली, आणि फाटकापाशी वळून उद्या ताजी सुंगटं आणते म्हणाली. पूनम हात पुसत पडवीत आली, माझ्याकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, रडटा कित्याक? बांगडे ताजे नात म्हणून?"

मी म्हटलं, "हय गो."

दादा